एकवीस पावलं

(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या सभेत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. वेळेअभावी वगळलेले काही तपशील लिहिताना घातले आहेत.)



पितृपक्षात कसला कार्यक्रम ठेवता, असं आपल्यातल्या एका ज्येष्ठ मावशींनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, मावशी, विषयच असा आहे की त्याला हाच पंधरवडा योग्य. त्यांना ते पटलेलं दिसतंय, कारण त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आपण वॉशिंग्टनच्या आसपास राहणारी माणसं. भारतातून आई-वडील, सासू-सासरे, मामेभाऊ-आतेबहिणी आल्या की आपला दौरा ठरलेला असतो. व्हाइट हाउसच्या कुंपणाशी फोटो, लिंकनच्या पायऱ्यांवर फोटो, एअर अँड स्पेस म्युझियममध्ये दमून बाकावर बसणं, आणि मग गाडी नदी ओलांडून आर्लिंग्टनला. तिथे केनेडींच्या समाधीवरची ज्योत पाहायची आणि टेकडी चढून पहाऱ्याची अदलाबदल बघायची. दहा मिनिटांचा मामला. पाहुणे म्हणतात, ‘वा, काय शिस्त आहे!’ आणि आपण पुरीभाजीचे डबे कुठे उघडायचे या विचारात पार्किंगकडे वळतो.

तर त्या शिस्तीच्या मागे कोण लोक आहेत, आणि ती कोणासाठी चालली आहे, एवढंच आज सांगायचं आहे.

हे सैनिक अमेरिकन लष्कराच्या तिसऱ्या इन्फंट्री रेजिमेंटचे. त्यांना सगळे ‘ओल्ड गार्ड’ म्हणतात. नाव शोभेचं नाही, खरंच म्हातारी पलटण आहे ही. स्थापना ३ जून १७८४. त्या वेळी या देशाला राज्यघटना नव्हती, ती १७८७ साली लिहिली गेली. राष्ट्राध्यक्ष तर नव्हताच. म्हणजे ज्याला मानवंदना द्यायची तो माणूस जन्माला घालण्याआधी देशाने मानवंदना देणारी पलटण उभी करून ठेवली होती! अर्थात तेव्हा ती मानवंदनेसाठी नव्हती. सरहद्दीवर राहणारी, चिखलात चालणारी साधी पायदळाची पलटण होती.

‘ओल्ड गार्ड’ हे नाव मिळालं १८४७ साली, मेक्सिकोच्या युद्धात. सेरो गोर्डोच्या लढाईत या लोकांनी संगिनी लावून चढाई केली. पुढे मेक्सिको सिटीत विजयी सैन्याचं संचलन झालं तेव्हा जनरल विनफिल्ड स्कॉट यांनी आपल्या लोकांना टोप्या काढून या ‘ओल्ड गार्ड’ला मान द्यायला सांगितलं, अशी पलटणीची परंपरा आहे. त्या चढाईची आठवण म्हणून प्रत्येक संचलनात बंदुकीला संगीन लावून चालण्याचा खास मान या रेजिमेंटला आहे. पुढच्या वेळी परेड पाहाल तेव्हा बंदुकांच्या टोकांकडे लक्ष द्या.

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, बर्लिनमध्ये ही पलटण चक्क मोडीत काढली होती. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, ती इथे फोर्ट मायरला पुन्हा उभी केली आणि राजधानीच्या समारंभांची जबाबदारी तिच्यावर टाकली. तेव्हापासून परदेशी पाहुण्यांचं स्वागत, राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी, लष्करी अंत्यसंस्कार, सगळं यांच्याकडे. यांच्यातच लाल कोटवाल्यांचं एक बासरी-ढोल पथक आहे, फाइफ अँड ड्रम कोअर. डोक्यावर तिकोनी टोपी आणि पांढरा केसांचा टोप. पुष्कळांना वाटतं हे ब्रिटिश सैनिक. तसं नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात वादकांच्या कोटाचे रंग सैनिकांच्या उलट असत, म्हणजे धुराच्या लोटात वाजवणारा कोण आणि लढणारा कोण हे सेनापतीला लांबून कळावं. निळ्या कोटाला लाल कडा, तर वादकाच्या लाल कोटाला निळी. आणि या पथकाचा प्रमुख डाव्या हाताने सलाम करतो, कारण उजव्या हातात भाला असतो. अमेरिकेच्या सैन्यात डाव्या हाताने सलाम करायची परवानगी असलेला हा एकटाच!

पण ओल्ड गार्डचं रोजचं काम बासरी-ढोलाचं नाही, ते स्मशानातलं आहे. आर्लिंग्टनमध्ये आठवड्यातल्या कामाच्या दिवशी पंचवीस-तीस अंत्यसंस्कार होतात, सगळ्या दलांचे मिळून. त्यातले लष्कराचे यांच्याकडे. शवपेटीवरचा ध्वज कमरेच्या उंचीवर ताणून धरायचा, तेरा घड्या घालून त्याचा त्रिकोण करायचा, वर फक्त निळ्यावरच्या चांदण्या दिसल्या पाहिजेत, आणि तो त्रिकोण गुडघा टेकून त्या घरच्या बाईच्या किंवा मुलाच्या हातात द्यायचा. सात जणांनी तीनदा हवेत फैरी झाडायच्या. (ही एकवीस तोफांची सलामी नव्हे बरं का. सात त्रिक एकवीस होतात म्हणून लोक गल्लत करतात. तोफांची सलामी वेगळी, ती राष्ट्रप्रमुखांसाठी.) मग बिगुल. हे दिवसातून चार-पाच वेळा, पुन्हा दुसऱ्या दिवशी, पावसात आणि ऑगस्टच्या उकाड्यात, जाड लोकरी गणवेशात. आपल्यासाठी तो दिवसातला पाचवा असेल, समोरच्या कुटुंबासाठी एकुलता एक आहे, हे त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना शिकवलं जातं. मला विचाराल तर संगिनीच्या चढाईपेक्षा हे अवघड.

इथे आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, ती ओल्ड गार्डची नाही पण शेजारची आहे. १९४८च्या सुमाराला हवाई दलाचे प्रमुख जनरल व्हॅन्डनबर्ग यांच्या पत्नी ग्लॅडिस यांना दिसलं, की काही सैनिकांच्या अंत्यविधीला पाद्री आणि मानवंदनेची तुकडी सोडून कोणीच नसतं. त्यांनी मैत्रिणी जमवल्या आणि प्रत्येक अंत्यविधीला कोणीतरी एक बाई हजर राहील अशी व्यवस्था केली. ‘आर्लिंग्टन लेडीज’. लष्कराची शाखा १९७३ मध्ये सुरू झाली. आजही कोणी एकटा पुरला जात नाही.

आता घोडे. मोठ्या मानाच्या अंत्ययात्रेत शवपेटी तोफगाड्यावरून नेतात. गाडे पहिल्या महायुद्धाच्या काळातले, १९१८चे. सहा घोडे, पण स्वार फक्त डाव्या बाजूच्या तिघांवर. उजवीकडच्या घोड्यांवर पूर्वी सामान आणि दाणावैरण लादत, म्हणून त्यांच्यावर आजही कोणी बसत नाही. काही अंत्ययात्रांत मागून एक रिकाम्या खोगिराचा घोडा चालवतात, रिकिबीत बूट उलटे अडकवलेले. स्वार पुन्हा बसणार नाही, आणि शेवटचं एकदा मागे वळून आपल्या लोकांकडे बघतोय, असा त्याचा अर्थ सांगतात. १९६३ साली केनेडींच्या अंत्ययात्रेत जो काळा घोडा टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिला, तो ‘ब्लॅक जॅक’. भारी बिथरणारं जनावर. सगळी मिरवणूक संथ पावलांनी चाललेली आणि हा आपला फुरफुरत नाचतोय. पुढे हूवर, मॅकआर्थर आणि जॉन्सन यांच्याही अंत्ययात्रेत तो होता. १९७६ साली गेला, फोर्ट मायरलाच पुरला आहे.

एवढ्या परंपरेच्या जागी घोड्यांची आबाळ व्हावी हे मात्र मला फार लागलं. २०२२च्या फेब्रुवारीत चार दिवसांत दोन घोडे दगावले. चौकशीत निकृष्ट चारा, अपुरी जागा, पोटात गेलेली वाळू-खडी असं सगळं बाहेर आलं. बाकीच्या कित्येक घोड्यांच्या पाठी जुन्या जड खोगिरांनी धरल्या होत्या. मे २०२३ मध्ये तोफगाड्यांचे अंत्यविधी लष्कराला थांबवावे लागले. समोरून पाहणाऱ्याला सगळं लखलखीत दिसत होतं आणि तबेल्यात ही अवस्था! दोन वर्षं गेली. नवे घोडे, नवी खोगिरं, नवं प्रशिक्षण झालं, आणि जून २०२५ मध्ये घोडे परत आले, सुरुवातीला मोजक्याच अंत्यविधींसाठी. दरम्यान कित्येक कुटुंबं थांबून राहिली, काहींनी तोफगाड्याविनाच निरोप दिला.

आता वर चला, टेकडीवर.

पहिल्या महायुद्धात हजारो देह ओळख न पटता फ्रान्समध्ये राहिले. ब्रिटन आणि फ्रान्सने १९२० साली एकेका अज्ञात सैनिकाला आपापल्या राजधानीत आणून पुरलं, अमेरिकेने पुढच्या वर्षी. फ्रान्समधल्या चार अमेरिकन दफनभूमींतून चार अनोळखी देह काढले, चार सारख्या पेट्यांत ठेवले, कुठला कुठून आला याचा माग राहू दिला नाही. २४ ऑक्टोबर १९२१ रोजी शालों-सुर-मार्न गावच्या नगरभवनात एडवर्ड यंगर नावाच्या सार्जंटच्या हातात पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ दिला आणि त्याला एकट्याला त्या खोलीत पाठवलं. तो पेट्यांभोवती फिरला आणि एकीवर फुलं ठेवली. झालं. ती पेटी ‘ऑलिंपिया’ जहाजातून इथे आली, कॅपिटलच्या घुमटाखाली सुमारे नव्वद हजार लोकांनी दर्शन घेतलं, आणि ११ नोव्हेंबरला दफन झालं. खाली फ्रान्सची माती अंथरली होती.

आणि गंमत ऐका. सुरुवातीची काही वर्षं तिथे पहाराच नव्हता. आजच्यासारखा कोरीव संगमरवरही नव्हता, तो १९३२ मध्ये पुरा झाला. साधा सपाट चौथरा, समोर सगळ्या वॉशिंग्टनचा देखावा. लोक तिथे चादरी अंथरून खुशाल सहलीला बसायचे! तेव्हा आपल्या पुरीभाजीला पूर्वपरंपरा आहे. मग १९२५ मध्ये एक मुलकी रखवालदार नेमला, मार्च १९२६ पासून दिवसा सैनिकाचा पहारा बसला, आणि जुलै १९३७ पासून चोवीस तास. तो आजतागायत. १९४८ पासून हे काम ओल्ड गार्डचं.

पहाऱ्याचा क्रम असा. काळ्या रबरी पट्टीवर एकवीस पावलं. थांबून पूर्वेकडे, म्हणजे समाधीकडे तोंड, एकवीस सेकंद. मग परतीच्या दिशेला तोंड, पुन्हा एकवीस सेकंद. बंदूक खांदापालट करून नेहमी प्रेक्षकांच्या बाजूच्या खांद्यावर, कारण समाधी आणि येणारं संकट यांच्या मध्ये पहारेकरी असला पाहिजे. पुन्हा एकवीस पावलं. एकवीस का, तर एकवीस तोफांची सलामी हा सर्वोच्च मान. हातमोजे ओले केलेले असतात, बंदुकीवरची पकड सुटू नये म्हणून. बुटांच्या टाचांना आतून पोलादी पट्ट्या, त्याचाच तो टक् आवाज. आणि सगळ्यात मला आवडणारी बाब : पट्टीवर चालणाऱ्या पहारेकऱ्याच्या अंगावर हुद्द्याची खूण नसते. आत झोपलेल्याचा हुद्दा आपल्याला माहीत नाही. तो साधा शिपाई असेल तर? त्याच्यापुढे आपण वरचढ दिसू नये.

या कामावर सक्ती नसते, स्वखुशीने यायचं. सहा ते नऊ महिने तयारी, दफनभूमीच्या इतिहासाची पानंच्या पानं तोंडपाठ, आणि बरेच जण मधेच गळतात. पार पडला तर छातीवर बिल्ला मिळतो, त्यावर उलटी पुष्पमाला, शोकाची खूण. पुढे कधीही, अगदी सैन्य सोडल्यावरसुद्धा, लाजिरवाणं वर्तन झालं तर तो काढून घेता येतो. १९९६ मध्ये सार्जंट हेदर जॉन्सन हा बिल्ला मिळवणारी पहिली स्त्री ठरली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पहाऱ्याची एक पूर्ण अदलाबदल प्रथमच फक्त स्त्रियांनी केली.

आता तुम्हा सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये कधी ना कधी येऊन गेलेल्या त्या ईमेलबद्दल. पूर्वी ईमेल, हल्ली व्हॉट्सअॅप, मजकूर तोच. हे पहारेकरी दोन वर्षं समाधीखालच्या तळघरात राहतात, जन्मभर दारूला शिवत नाहीत, जन्मभर शिवी देत नाहीत, टीव्ही बघत नाहीत, वगैरे. सगळं खोटं. खाली त्यांची विश्रांतीची आणि तयारीची खोली आहे, चोवीस तासांच्या पाळीत तिथे असतात, पाळी संपली की आपापल्या मुक्कामी. कामावर नसताना वयात बसणारा बिअर पिऊ शकतो. त्याच पत्रात २००३च्या इझाबेल वादळाची गोष्ट असते. पहारा सोडून आसऱ्याला जाण्याची परवानगी त्यांनी धुडकावली म्हणे. असं कोणी धुडकावलं-बिडकावलं नाही. धोका फार वाढला तर पहारा आडोशाला नेण्याची योजना तयार होती. पहारा चालू राहिला हे मात्र खरं. आपल्याला साध्या माणसाला देव करायची खोड आहे. त्यापेक्षा, सुटीच्या दिवशी बिअर पिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी तासन्तास गणवेशाला इस्त्री करून पुन्हा तिथे उभा राहतो, हे मला जास्त मोठं वाटतं.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट.

१९५८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातला आणि कोरियातला असे दोन अज्ञात सैनिक पहिल्याशेजारी आले. मग व्हिएतनाम. त्या युद्धात हेलिकॉप्टरं होती, प्रयोगशाळा होत्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाची ओळख पटत गेली. पण प्रथा पुरी करायची तर एक अज्ञात हवा. अखेर अगदी थोडे अवशेष निवडले गेले आणि २८ मे १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत त्यांचं दफन झालं. चौदा वर्षं ओल्ड गार्डने त्यांच्यापुढे एकवीस-एकवीस पावलं घातली.

आणि तो अज्ञात नव्हता. हवाई दलाचा फर्स्ट लेफ्टनंट मायकल ब्लासी, वय चोवीस, सेंट लुईसचा. ११ मे १९७२ रोजी अॅन लॉकजवळ त्याचं विमान पाडलं गेलं. पुढे सापडलेल्या अवशेषांबरोबर त्याचं ओळखपत्रही होतं, पण ते वाटेत गहाळ झालं. अवशेषांवर आधी ‘बहुधा ब्लासी’ अशी नोंद होती. मग उंचीचा आणि रक्तगटाचा अंदाज जुळेना म्हणून १९८० मध्ये ते नाव काढलं आणि एक क्रमांक दिला. घरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. १९९८च्या सुरुवातीला ही बातमी टीव्हीवर आली, आणि कुटुंबाने कबर उघडण्याची मागणी केली.

विचार करा, किती अवघड निर्णय. राष्ट्राच्या सर्वांत पवित्र जागेवर पहार चालवायची. विरोध करणारेही होते. पण १४ मे १९९८ रोजी ती उघडली. मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तपासणी झाली. हा डीएनए माणसाला फक्त आईकडून मिळतो. ब्लासीच्या आईच्या आणि बहिणीच्या रक्ताशी तो ताडून पाहिला. ३० जूनला उत्तर आलं. राष्ट्राने ज्याला अज्ञात ठरवलं होतं त्याला शेवटी आईच्या रक्ताने ओळखलं. जुलैमध्ये मायकल घरी, सेंट लुईसला गेला, आणि स्वतःच्या नावाच्या दगडाखाली झोपला.

मग ती जागा? ती रिकामी ठेवली आहे. डीएनएच्या काळात तिथे ठेवण्यासारखा दुसरा ‘अज्ञात’ मिळणं कठीण, आणि मुद्दाम शोधून आणणं तर भलतंच. १९९९ मध्ये तिच्यावरची शिळा बदलली. आता तिथे बेपत्ता सैनिकांचा मान राखण्याचं, त्यांच्याशी ठेवलेलं इमान पाळण्याचं वचन कोरलं आहे. म्हणजे आज पहारेकरी चालतो तेव्हा तिघांची आणि एका रिकाम्या जागेची राखण करत असतो.

मावशी, पितृपक्षच योग्य असं मी म्हटलं ते यासाठी. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावस्या आहे. कधी गेला, कुठे गेला, कळलं नाही, तरी त्याच्या नावाने पान वाढायचं. कुळात कोणी उरलं नाही अशांसाठीही तर्पणात पाण्याची एक ओंजळ असते. माझे आजोबा ती ओंजळ सोडताना नेहमी जरा थांबायचे. कोणासाठी थांबता, असं विचारलं तर म्हणायचे, ते माहीत असतं तर नाव घेतलं असतं.

आता थोडं कामाचं. एप्रिल ते सप्टेंबर दर अर्ध्या तासाने पहारा बदलतो, ऑक्टोबर ते मार्च दर तासाला, आणि दफनभूमी बंद झाल्यावर रात्री दर दोन तासांनी, तेव्हा बघायला कोणीही नसताना. २०१६च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदींनी इथे पुष्पचक्र वाहिलं होतं. जवळच कोलंबिया यानाच्या अंतराळवीरांचं स्मारक आहे, त्यावर कल्पना चावलांचं नाव आहे. पाहुण्यांना ते जरूर दाखवा, बहुतेक लोक शेजारून निघून जातात. मोठ्या माणसांनी ओळखपत्र बरोबर ठेवायचं. चढ आहे, आजी-आजोबांना आतली बस घ्या. अदलाबदलीच्या वेळी सगळ्यांनी उभं राहायचं, टोप्या काढायच्या, फोनचा आवाज बंद. गडबड केलीत किंवा साखळी ओलांडलीत तर तोच पहारेकरी थांबून खड्या आवाजात दम भरतो, मग पाहुणे भारतात गेल्यावर वर्षभर तेवढंच सांगतात.

मी म्हणेन जानेवारीत जा. थंडी मरणाची असते पण गर्दी नसते, आणि टाचांचा आवाज पार खालच्या झाडांपर्यंत ऐकू येतो.